मुंबई इंडियन्सचं लिलावाचं टेबल: तीस लाखांत हुशार, आठ कोटींत घाईचं

आयपीएलच्या २०२२ च्या मोठ्या लिलावात ट्रेंट बोल्ट आणि जोफ्रा आर्चर दोघांवर एकाच किमतीला हातोडा पडला: ८ कोटी. बोल्ट राजस्थानने घेतला, आर्चर मुंबईने. बोल्टने त्या हंगामात १६ बळी घेतले आणि राजस्थान अंतिम सामन्यापर्यंत गेलं. आर्चर त्या वर्षी खेळणार नाही हे लिलावाआधीच सगळ्यांना ठाऊक होतं. मुंबई पहिले आठ सामने ओळीने हरली आणि दहा संघांत दहावी आली. पुढच्या वर्षी आर्चर आला, पाच सामने खेळला, दोन बळी घेतले आणि दुखापत घेऊन घरी गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाच्या लिलावात मुंबईने बोल्टलाच परत आणलं. यावेळी साडेबारा कोटींना.

मुंबईच्या व्यवस्थापनाचा विषय निघाला की पलटणीत, म्हणजे मुंबईच्या चाहत्यांत, दोन गट पडतात. एक श्रद्धा-सबुरीवाला. त्याच्या हातात २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० असे पाच चषक असतात आणि वर १० लाखांत घेतलेला हार्दिक पंड्या. दुसरा पंचनामेवाला. तो २०२० नंतर एकही चषक नाही, २०२२ आणि २०२४ मध्ये तळाचं स्थान, आणि आर्चर, एवढं दाखवून गप्प बसतो. दोघांचे पुरावे खरे आहेत, फक्त ते वेगवेगळ्या खात्यांचे आहेत. या संघात नवे खेळाडू हुडकणारं खातं वेगळं, अदलाबदलीचा व्यवहार करणारं डोकं वेगळं, आणि भर लिलावात पॅडल उचलणारा हात वेगळा, असं समजून हिशेब मांडला तरच काही हाती लागतं. डिसेंबर २०२५ च्या लिलावापर्यंतचा हिशेब इथे घेतला आहे.

शोधमोहिमेपासून सुरुवात करू, कारण पाचपैकी साडेचार गुण द्यावेत असं हे एकच खातं आहे. बुमराहला प्रशिक्षक जॉन राइट यांनी सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत गुजरातकडून खेळताना हेरलं, आणि एप्रिल २०१३ मध्ये पहिल्याच सामन्यात त्याने कोहलीसह तीन बळी घेतले. ही गोष्ट आता इतकी सांगून झाली आहे की टीकाकारांना तिचा कंटाळा येतो, आणि तो रास्तही आहे. बारा वर्षांपूर्वीच्या पुण्याईवर आजचं बिल भागत नाही. पण ताजे दाखलेही कमी नाहीत. तिलक वर्मा २०२२ मध्ये १.७ कोटींना आला आणि तळाला गेलेल्या संघाकडून पहिल्याच हंगामात ३९७ धावा करून गेला. आकाश मधवाल २० लाखांचा. २०२३ च्या एलिमिनेटरमध्ये त्याने लखनौचे पाच गडी पाच धावांत काढले. २०२५ मध्ये ३० लाखांच्या अश्वनी कुमारने पदार्पणातच कोलकात्याचे चार बळी घेतले. आयपीएल पदार्पणात असं करणारा तो पहिला भारतीय.

त्याच ३० लाखांचा विघ्नेश पुथूर तर केरळच्या वरिष्ठ संघाकडूनही खेळलेला नव्हता. केरळ क्रिकेट लीगमध्ये तो नजरेत भरला, दक्षिण आफ्रिकेत एमआय केपटाऊनच्या नेटमध्ये त्याला गोलंदाजी करायला लावली आणि मग चेपॉकवर चेन्नईविरुद्ध थेट मैदानात उतरवलं. तीन बळी. कामाची पद्धत इथे स्पष्ट दिसते. मुलाचा एक चांगला दिवस पाहून पैसे लावायचे नाहीत. परक्या खेळपट्टीवर, आपल्या प्रशिक्षकांसमोर, मोठ्या फलंदाजांना काही आठवडे गोलंदाजी करायला लावायची आणि मग बेस प्राइसला, म्हणजे लिलावातल्या किमान किमतीला, हात वर करायचा. केपटाऊन, न्यूयॉर्क, अमिराती असे भाऊसंघ उभे केल्याचा मुंबईला झालेला खरा उपयोग हा आहे. रायन रिकल्टन १ कोटीला मिळाला आणि लिझाड विल्यम्स जायबंदी झाल्यावर कॉर्बिन बॉश आला, तेही केपटाऊनच्याच दारातून. रिकल्टनने २०२५ मध्ये ३८८ धावा केल्या. एक कोटीत सलामीवीर आणि यष्टिरक्षक, यापेक्षा स्वस्त सौदा त्या लिलावात शोधावा लागेल.

महिला संघाचंही तेच. २०२३ मध्ये बंगालची सायका इशाक १० लाखांत घेतली. तिने पहिल्याच हंगामात १५ बळी घेतले आणि महिला प्रीमियर लीगचा (डब्ल्यूपीएल) पहिला चषक मुंबईला मिळाला.

उरलेला अर्धा गुण कापला तो घरच्या अंगणातल्या चुकांसाठी. ऑक्टोबर २०१९ मध्ये यशस्वी जयस्वालने विजय हजारे स्पर्धेत मुंबईकडून झारखंडविरुद्ध २०३ धावा ठोकल्या. त्यानंतर दोन महिन्यांनी लिलाव झाला. जयस्वाल २.४ कोटींना राजस्थानकडे गेला. त्याच लिलावात मुंबईने २ कोटींना ख्रिस लिन घेतला आणि २०२० मध्ये त्याला एकही सामना दिला नाही. त्या वर्षी मुंबईने चषक जिंकला, म्हणून याची कोणी फारशी दखल घेतली नाही. हरणाऱ्या संघाच्या चुका चव्हाट्यावर येतात, जिंकणाऱ्याच्या तळघरात जातात. २० एप्रिल २०२५ ला चेन्नईने बदली खेळाडू म्हणून घेतलेला विरारचा आयुष म्हात्रे वानखेडेवर मुंबईविरुद्धच उतरला आणि १५ चेंडूंत ३२ करून गेला, तेव्हा जुनी सल पुन्हा वर आली. फ्रँचायझी म्हणजे मुंबई क्रिकेट असोसिएशन नव्हे, हे आशावाद्यांचं उत्तर नियमाने बरोबर आहे. पण केरळच्या लीगपर्यंत पोचणारी नजर आझाद मैदानावर का अडते, याचं उत्तर त्यात नाही.

आता अदलाबदल. इथे चार गुण, आणि हे खातं लोकांना वाटतं त्याहून महत्त्वाचं आहे. लिलावात किंमत दहा जण मिळून ठरवतात. ट्रेडमध्ये समोर एकच जण असतो, आणि त्याला तो खेळाडू नकोसा झालेला असतो. क्विंटन डी कॉक बंगळुरूकडून २.८ कोटींना घेतला, त्याने २०१९ मध्ये ५२९ आणि २०२० मध्ये ५०३ धावा केल्या. बोल्ट दिल्लीकडून आणला, त्याने २०२० मध्ये २५ बळी काढले. त्या दोन चषकांचा पाया या दोन सौद्यांत आहे. एक मजेशीर हिशेब: २०१९ मध्ये मुंबईने मयंक मार्कंडे दिल्लीला देऊन शेर्फेन रदरफोर्ड घेतला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईने दोघांनाही ट्रेडनेच परत आणलं, मार्कंडे कोलकात्याकडून ३० लाखांत, रदरफोर्ड गुजरातकडून २.६ कोटींत. सहा वर्षांनी दोन्ही बाजू आपल्याच पदरात! शिवाय पालघरचा शार्दूल ठाकूर लखनौकडून २ कोटींना.

हार्दिकच्या २०२३ च्या ट्रेडचे दोन तुकडे करायला हवेत. वाद चिघळतो तो हे दोन एकत्र मळल्यामुळे. पहिला तुकडा निव्वळ व्यवहाराचा. गुजरातकडून हार्दिक १५ कोटींना आला आणि त्याच सुमारास १७.५ कोटींचा कॅमेरॉन ग्रीन बंगळुरूला गेला. पर्समध्ये, म्हणजे खेळाडूंवर खर्चायला ठरवून दिलेल्या रकमेत, अडीच कोटी वाचले, एक परदेशी जागा मोकळी झाली, आणि अष्टपैलूच्या बदल्यात अष्टपैलू मिळाला. ग्रीनने २०२३ मध्ये ४५२ धावा केल्या होत्या, म्हणजे तो फसलेला खेळाडू नव्हता. तरीही अकरात चारच परदेशींच्या मर्यादेत भारतीय वेगवान अष्टपैलूची किंमत कागदावरच्या आकड्यापेक्षा जास्त असते. या तुकड्यावर टीका करणाऱ्यांनी पुन्हा एकदा बेरीज-वजाबाकी करावी.

दुसरा तुकडा कर्णधारपदाचा, आणि तिथे व्यवस्थापनाला पाचपैकी एक गुण देणंही जिवावर येतं. १५ डिसेंबर २०२३ ला, लिलावाच्या चार दिवस आधी, एका निवेदनाने पाच चषक जिंकून देणारा रोहित शर्मा बाजूला झाला. निर्णय चूक होता असं म्हणता येणार नाही. चूक झाली क्रमात. आधी जुन्या कर्णधाराने नव्याच्या शेजारी उभं राहायचं असतं, मग पत्रक काढायचं असतं. सुनेला घरात घेताना सासूने दारात उभं राहावं लागतं, नाहीतर शेजारीपाजारी आपापली गोष्ट रचतात. १ एप्रिल २०२४ ला वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी स्वतःच्याच कर्णधाराची हुर्यो उडाली आणि संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. त्या हंगामात १४ पैकी १० सामने गेले. षटकांची गती न राखल्याने हार्दिकला पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्याला मुकावं लागलं ते वेगळंच. प्रेक्षकांना कृतघ्न म्हणणाऱ्या आशावाद्यांनी एवढं लक्षात घ्यावं: सेवा देणाऱ्याने बदल कळवला नाही, तर गिऱ्हाईक काउंटरवरच्या माणसावर ओरडतं. काउंटरवर हार्दिक होता.

आता मोठा लिलाव. मुंबईचं सगळ्यात कच्चं खातं. गुण दोन.

२०२२ मध्ये लिलावाआधी रोहित १६, बुमराह १२, सूर्यकुमार ८ आणि पोलार्ड ६ कोटींना राखले आणि ४८ कोटी हातात उरले. त्यातले १५.२५ एकट्या इशान किशनवर गेले, ८.२५ टिम डेव्हिडवर, ८ आर्चरवर. म्हणजे ३१.५ कोटी तीन माणसांवर, आणि त्यातला एक येणारच नव्हता. उरलेल्या साडेसोळा कोटींत गोलंदाजीचा ताफा उभा करायचा होता. टायमल मिल्स १.५, मुरुगन अश्विन १.६, जयदेव उनाडकट १.३, बेसिल थंपी ३० लाख. बुमराहच्या जोडीला दुसऱ्या टोकाने धावा रोखणारा कोणी नाही, मधल्या षटकांत बळी घेणारा फिरकीपटू नाही. पहिल्या आठ पराभवांचं कारण शोधायला एवढी यादी पुरते. आणि सव्वाआठ कोटींच्या डेव्हिडला दोन सामन्यांनंतर बाकावर बसवलं. उशिरा परत घेतलं तेव्हा तो २०० च्या वर स्ट्राइक रेटने खेळला. विकत घेणारे आणि खेळवणारे यांच्यात बोलणं झालं नव्हतं, असाच याचा अर्थ लागतो.

आर्चरच्या बाजूने जो युक्तिवाद होतो तो अगदीच उडवून लावण्यासारखा नाही. करार तीन हंगामांच्या चक्राचा, धडधाकट आर्चर बारा-पंधरा कोटींना गेला असता, तेव्हा एक वर्ष सोडून दोन वर्षं स्वस्तात मिळवा. पण मोठे लिलाव तीन-तीन वर्षांनी होतात, त्यामुळे एक हंगाम सोडणं म्हणजे एक तृतीयांश माल खरेदीच्या दिवशीच टाकून देणं. शस्त्रक्रिया झालेल्या कोपराचा वेगवान गोलंदाज, हा धोका वेगळा. अख्खा हंगाम न खेळलेल्या खेळाडूचा पगार वाचतो हेही खरं, पण पर्समधले ८ कोटी अडकून राहतात, आणि लिलावात पैशापेक्षा पर्समधली जागा मोलाची. त्या ८ कोटींत दुसरा चालू गोलंदाज घेता आला असता, ही खरी किंमत.

२०२५ चा लिलाव याहून बरा, तरी सवय तीच. पाच जण ७५ कोटींना राखले: बुमराह १८, सूर्यकुमार आणि हार्दिक प्रत्येकी १६.३५, रोहित १६.३०, तिलक ८. १२० पैकी ४५ उरले. यात एक गोष्ट खरंच कौतुकाची आहे. एवढी मोठी नावं काही लाखांच्या फरकाने कमी-जास्त रकमेवर राजी झाली आणि पाचही जण हाती राहिले. दुसऱ्या संघांत एवढ्यावरून रुसवे झाले आहेत. मग बोल्टला १२.५ आणि दीपक चहरला ९.२५, म्हणजे ४५ पैकी २१.७५ कोटी नव्या चेंडूच्या दोन गोलंदाजांवर. उरलेल्या सव्वातेवीस कोटींत सोळा माणसं. आरटीएम कार्ड, म्हणजे सोडलेला खेळाडू दुसऱ्याच्या बोलीइतकी रक्कम देऊन परत घेण्याचा हक्क, नमन धीरवर वापरलं, ५.२५ कोटी. २० लाखांतून वर आलेल्या मुलासाठी महाग वाटलं खरं, पण त्याने शेवटच्या षटकांत खेळून ते फेडलं. बोल्टने २२ बळी घेतले. बुमराह पहिले चार सामने नव्हता, पहिल्या पाचपैकी चार हरले, नंतर ओळीने सहा जिंकले आणि संघ चौथा आला.

मग फसलं कुठे? यष्टींमागे. किशनला सोडल्यावर भारतीय यष्टिरक्षक म्हणून ६५ लाखांचा रॉबिन मिन्झ घेतला, पण त्याच्यावर भिस्त ठेवली नाही. यष्टिरक्षक रिकल्टन म्हणजे परदेशी चारपैकी एक जागा तिथेच गेली. मग जॅक्स, सँटनर, बोल्ट. पाचव्या परदेशी खेळाडूला वाव नाही आणि चौघांपैकी कोणी गेला की सांगाडाच हलतो. मे महिन्यात स्पर्धा थांबून लांबली, रिकल्टन आणि बॉश कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यासाठी आणि जॅक्स इंग्लंडच्या वनडेसाठी निघून गेले, आणि प्लेऑफच्या तोंडावर बेअरस्टो, ग्लीसन, असलंका असे तात्पुरते गडी आणावे लागले. बेअरस्टोने एलिमिनेटरमध्ये २२ चेंडूंत ४७ करून वेळ मारून नेली. पुढच्याच सामन्यात अहमदाबादला २०३ धावा करूनही पंजाबने हरवलं. मुंबईकर श्रेयस अय्यर ४१ चेंडूंत नाबाद ८७, आणि त्याच्या जोडीला ४८ करणारा नेहाल वढेरा. वढेरा मुंबईने २० लाखांत शोधला होता. पंजाबने तो ४.२ कोटींना नेला.

हे एकट्या वढेराचं नाही. डेवाल्ड ब्रेव्हिसला तीन वर्षं सांभाळून सोडलं, २०२५ मध्ये चेन्नईने त्याला हंगामाच्या मध्यात बदली म्हणून घेतलं आणि सहा सामन्यांत त्याने २२५ धावा केल्या. पुथूर जायबंदी झाला आणि २०२६ च्या यादीतून त्याचं नाव गळलं. डेव्हिड आणि कृणाल पंड्या बंगळुरूकडून २०२५ चा चषक जिंकून बसले, कृणाल तर अंतिम सामन्याचा मानकरी. रोप लावायचं, पाणी घालायचं आणि फळ धरायच्या वर्षी कुंडी शेजाऱ्याला द्यायची, ही सवय मोडायची असेल तर वरच्या पाच जणांवर ७५ कोटी हे गणितच पुन्हा मांडावं लागेल. पर्समधला साडेबासष्ट टक्के भाग पाच जणांवर गेला की ४ कोटींचा वढेरा महाग वाटणारच.

पुढच्या लिलावात मुंबईचं पॅडल वर गेलं की टाळी वाजवायची की कपाळाला हात लावायचा, हे ठरवायला निकालाची वाट पाहावी लागत नाही. त्या खेळाडूच्या देशाचं एप्रिल-मेचं वेळापत्रक बघा, प्लेऑफपर्यंत तो थांबणार का ते कळतं. तो परदेशी असेल तर अकरात कोणाला बाहेर बसवून खेळेल ते नाव घ्या. नाव सुचलं नाही तर ती खरेदी बाकासाठी आहे. मग पाहा, तेच काम करणारा भारतीय खेळाडू त्या यादीत पुढे किती क्रमांकावर येतो आहे, आणि तोवर पर्समध्ये काय उरेल. गोलंदाज असेल तर तो नेमकी कोणती षटकं टाकणार? २०२५ च्या लिलावात अफगाणिस्तानच्या गझनफरवर ४.८ कोटी घातले तेव्हा या कसोटीवर खरेदी उत्तीर्ण होती, मधल्या षटकांचा फिरकीपटू हवाच होता. पाठीच्या हाडाने दगा दिला, त्याला टेबल काय करणार! आर्चर पहिल्याच प्रश्नाला नापास होता. दुर्दैव आणि चूक यांत फरक असतो, आणि दोन्ही गटांचे लोक नेमका तोच विसरतात.

डिसेंबर २०२५ मध्ये अबूधाबीला मुंबई सगळ्यात हलकी पर्स घेऊन गेली होती, २.७५ कोटी. त्यात डी कॉक बेस प्राइसला, १ कोटीत मिळाला. सौदा झकास, पण पुन्हा परदेशी यष्टिरक्षक, म्हणजे जुनं दुखणं तसंच. बाकी चार जण ३०-३० लाखांचे. त्यांत नागपूरचा दानिश मालेवार आहे, ज्याने २०२५ च्या रणजी अंतिम सामन्यात विदर्भाकडून केरळविरुद्ध १५३ केल्या, आणि मुंबईचा डावखुरा फिरकीपटू अथर्व अंकोलेकर आहे. जयस्वालच्या वेळी झालेली चूक कोणाच्या तरी लक्षात राहिली असावी. आता या दोघांना नेटच्या बाहेर किती दिवसांनी काढतात ते बघायचं.